बहिणाबाईंना गुरू कसे भेटले

वारीत मुक्कामाला पोचून पाय धुतले, पाठ टेकली की एक प्रश्न दर वर्षी कोणीतरी काढतोच. गुरू केल्याशिवाय भजन फळाला येते का? आणि करायचाच तर तो ओळखायचा कसा? मग जुनी माणसे एकेक दाखला देऊ लागतात. निवृत्तिनाथ ब्रह्मगिरीच्या फेरीत वाघाच्या भयाने वाट चुकले आणि गहिनीनाथांच्या गुहेत पोचले. ज्ञानोबा माउलींना गुरूसाठी घराबाहेर जावेच लागले नाही, थोरले बंधूच गुरू झाले. नामदेवरायांशी प्रत्यक्ष पांडुरंग बोलत असे, तरी संतमेळ्यात त्यांचे मडके कच्चे ठरले आणि विसोबा खेचरांचे पाय धरावे लागले. नाथमहाराज कोवळ्या वयात पैठण सोडून देवगिरीला जनार्दनस्वामींपाशी गेले. तुकोबारायांना तर माघ शुद्ध दशमीच्या गुरुवारी स्वप्नातच बाबाजी चैतन्यांचा अनुग्रह झाला.

दाखले सगळे आपल्या ओळखीचे. पण गुरू भेटेपर्यंत त्या माणसाचे दिवस कसे गेले, घरात काय चालले होते, मनात शंका आल्या की नाही, हे त्यांत क्वचितच सापडते. तुकोबाराय आपल्या अनुग्रहाची हकिकत एका लहानशा अभंगात सांगून मोकळे होतात. स्नानाला जाताना वाटेत भेट झाली, मस्तकावर हात ठेवला, भोजनाला पावशेर तूप मागितले, ते द्यायचे राहून गेले. राघव चैतन्य, केशव चैतन्य ही परंपरेची खूण सांगितली, आपले नाव बाबाजी सांगितले, 'रामकृष्णहरि' हा मंत्र दिला. एवढेच. ते पावशेर तूप राहून गेल्याची रुखरुख मात्र त्यांनी अभंगात ठेवली. स्वप्नातला पाहुणासुद्धा उपाशी गेला याचे वाईट वाटणारा हा वाणी! पण त्या आधीची वर्षे आपल्याला इतर अभंगांतून जुळवावी लागतात.

गुरू भेटण्याची हकिकत आधीपासून पुढेपर्यंत, स्वतःच्या तोंडाने, घरातल्या भांडणासकट सांगणारे एक माणूस आपल्या संप्रदायात आहे. ते म्हणजे संत बहिणाबाई. जळगावच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, त्या अलीकडच्या. या बहिणाबाई तुकोबारायांच्या शिष्या. आत्मनिवेदनाचे त्यांचे अभंग म्हणजे मराठीत एका स्त्रीने लिहिलेले फार जुने आत्मचरित्र आहे. ही गाथा १९१३ साली उमरखाने यांनी छापून प्रसिद्ध केली. १९२९ मध्ये जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने तिचे इंग्रजी भाषांतर केले आणि महाराष्ट्राबाहेरच्या अभ्यासकांनाही या बाई माहीत झाल्या. आपल्याकडे त्यांचा तो मंदिराच्या पायापासून कळसापर्यंतचा अभंग प्रत्येकाच्या तोंडी असतो. आत्मचरित्राचे अभंग मात्र फार थोडे लोक उघडून वाचतात.

बहिणाबाईंचा जन्म शके १५५० चा, म्हणजे इसवी सन १६२८ चा. गाव वेरुळजवळचे देवगाव, आज आपण ज्याला देवगाव रंगारी म्हणतो ते. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. अगदी न कळत्या वयात त्यांचे लग्न शिऊरच्या पाठकांशी झाले. नवरदेवाचे हे दुसरे लग्न, वय तिशीचे. पुढे माहेरी भाऊबंदकीची कटकट इतकी वाढली की आईवडील, भाऊ, जावई आणि ही पोर असे सगळे रातोरात गाव सोडून निघाले. गोदेच्या काठाने, मागत खात, पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असे करत कोल्हापूरला पोचले. तिथे हिरंभट नावाच्या ब्राह्मणाच्या घरी ओसरा मिळाला. यजमान वेदपाठी आणि ज्योतिषी, त्यामुळे पोटापुरते मिळू लागले.

त्या काळी कोल्हापुरात जयरामस्वामींची कीर्तने होत. बहिणाबाई आईवडिलांबरोबर ऐकायला जात. घरी दानात आलेली एक कपिला गाय होती आणि तिचे वासरू. त्या वासराला बाईंचा असा लळा लागला की त्यांच्या हातून मिळाले तरच ते चारा खाई, पाणी पिई. त्या पाण्याला निघाल्या की मागोमाग, कीर्तनाला निघाल्या की मागोमाग. एका एकादशीला गर्दी फार झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढले. ते दारात हंबरू लागले, आत ही मुलगी रडू लागली. जयरामस्वामींच्या कानावर गेले तेव्हा त्यांनी वासराला आत आणवले आणि दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला.

इथपर्यंतची कथा कीर्तनात फार रंगते. माझ्या ऐकण्यातल्या बहुतेक कीर्तनांत बुवा इथून एकदम वासराच्या शेवटाकडे जातात. मधला भाग गाळतात, किंवा 'यजमानांना राग आला' एवढ्या तीन शब्दांत उरकतात. बहिणाबाईंनी स्वतः तो गाळलेला नाही. कोणीतरी घरी येऊन यजमानांना सांगितले, भर सभेत बायकोच्या डोक्यावर गोसाव्याने हात ठेवला. यजमानांनी तिला वेणी धरून मारले, बांधून घातले. आईवडील मध्ये पडायला धजले नाहीत. गाय आणि वासराने चारापाणी सोडले. मुलीला मोकळे केल्यावर ती त्यांच्यापाशी जाऊन बसली, तिनेही अन्न सोडले. वासरू वाचले नाही. जाण्याच्या वेळी जवळ कोणी एक श्लोक म्हणू लागले, मुक्याला बोलते करणाऱ्या देवाचा, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग वासराच्या मुखातून उमटला, असे त्या सांगतात. त्यानंतर त्या बेशुद्ध पडल्या.

हा मार गाळला की गोष्ट गोड होते, पण मग पुढचे काहीच उमगत नाही. ज्या घरात परक्या साधूने डोक्यावर हात ठेवला म्हणून अंगावर वळ उठतात, त्या घरात राहून गुरू करायचा म्हणजे काय, हे त्या वळांशिवाय कसे कळणार?

आता एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बहिणाबाईंना गुरू हवेच होते, तर ते कोल्हापुरात समोर होते. जयरामस्वामी नामांकित, सभेत मान असलेले, जातीने ब्राह्मण. त्यांनी आपण होऊन मस्तकावर हात ठेवला होता. यजमानांचा राग एक दिवस निवळला असता आणि घरातल्यांनाही ते पचले असते. पण बाईंचे मन जयरामस्वामींवर नव्हे, त्यांच्या कीर्तनात येणाऱ्या पदांवर बसले. ती पदे तुकोबारायांची होती. देहूचा एक वाणी, ज्याच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या निघाल्या, त्याची ही वाणी, एवढे त्यांच्या कानावर आले होते. न पाहिलेल्या त्या माणसासाठी जीव पाण्याबाहेरच्या मासोळीसारखा तळमळू लागला. एकदा त्यांची भेट होईल का, पाय दिसतील का, हा एकच ध्यास.

म्हणजे आधी वाणी भेटली आणि मग गुरू. आपल्या संप्रदायात हेच बहुतेकांचे होते, फक्त आपण त्याला गुरू भेटणे म्हणत नाही. हरिपाठ आधी कानांवर पडतो, काकड्याचे अभंग झोपेत ऐकू येतात, आजोबांबरोबर दिंडीत चालताना चाल तोंडात बसते. गळ्यात माळ पडते ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी. बहिणाबाईंच्या बाबतीत वाणी आणि माणूस यांच्या मधले अंतर कोल्हापूर ते देहू एवढे होते, आणि एका सुनेने ते एकटीने चालून जाणे त्या काळी शक्यच नव्हते.

त्यांना तुकोबा भेटले स्वप्नात. कार्तिक वद्य पंचमी, रविवार, हा दिवसही त्यांनी नोंदवून ठेवला आहे. मस्तकावर हात, कानात मंत्र, आणि तोच 'रामकृष्णहरि', जो तुकोबांना त्यांच्या स्वप्नात मिळाला होता. पुढे पिंपळनेरच्या निळोबारायांना तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर असाच अनुग्रह झाला. आपली परंपरा अशी स्वप्नातून आणि साक्षात्कारातून पुढे सरकत आली आहे. इतिहासाचे अभ्यासक इथे अडखळतात आणि त्यांचे चूक आहे असे मी म्हणणार नाही. स्वप्नाला साक्षीदार नसतो. मात्र स्वप्नानंतर बाई जे करतात, सोसतात, त्याला घरदार आणि गाव साक्षी आहे. पारख करायची तर तिथे करावी.

स्वप्नानंतर घरात काय झाले ते त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. वासराची गोष्ट गावभर झाली होती. लोक या लहानग्या बाईला पाहायला येऊ लागले, नमस्कार करू लागले. यजमानांना ते सहन होईना. आपण वेद जाणणारे ब्राह्मण, आपल्याला कोणी विचारत नाही आणि बायकोच्या पायाशी लोक येतात. त्यात आता ही म्हणते की शूद्र तुका माझा गुरू, तोही स्वप्नातला! त्यांनी ठरवले की हिला माहेरच्या माणसांच्या हवाली करून आपण तीर्थाला निघून जायचे. बाई तेव्हा गरोदर होत्या.

आता बहिणाबाई निर्धाराने उभ्या राहतील, गुरूसाठी सर्वस्वावर पाणी सोडतील, असे वाचणाऱ्याला वाटते. तसे घडत नाही. त्या विचारात पडतात. पती निघून गेला तर आपल्या भक्तीला काय अर्थ राहिला? देव मूर्तीतला, गुरू स्वप्नात पाहिलेले, आणि त्यांच्यासाठी डोळ्यांसमोरचा संसार मोडायचा? पतीची सेवा हाच आपला धर्म नव्हे का? हा सगळा विचार त्यांनी जसाच्या तसा अभंगात ठेवला आहे. अनुग्रह झाल्यानंतरचा विचार आहे हा! पतिव्रतेच्या धर्मावरही त्यांचे बरेच अभंग आहेत, आणि ते आजच्या लेकीसुनांना वाचताना टोचतात, हे मी अनेकींच्या तोंडून ऐकले आहे. टोचणे साहजिक आहे. पण बाईंना त्या काळात, त्या घरात, पदरात येणारे मूल घेऊन उभे राहायचे होते. ना पतीला सोडता येत होते, ना तुकोबांना. दोन्ही हातांत धरून त्या बसल्या आणि आपली ओढाताण त्यांनी झाकली नाही. ज्यांना ज्यांना घरच्या विरोधात माळ घालावी लागली आहे त्यांना या अभंगांत आपले माणूस सापडेल.

जायचा दिवस आला आणि यजमान तापाने अंथरुणाला खिळले. महिनाभर ताप उतरेना. औषध चालेना, अन्न जाईना. बाई रात्रंदिवस उशाशी बसून होत्या. त्या पडून राहण्यात यजमानांच्या मनात येऊ लागले की आपण तुकोबांची आणि देवाची निंदा केली त्याचे हे फळ असेल का. एक म्हातारा ब्राह्मण दिसला, त्याने विचारले की जगायचे आहे ना, मग या बायकोचा त्याग कशासाठी करतोस, ती विरक्त आहे, हरीची भक्त आहे. ताप उतरला. पुढे यजमानच म्हणाले, चला, सगळे देहूला जाऊ.

म्हणजे बहिणाबाई देहूला पोचल्या त्या पतीचा हात धरूनच. गाय बरोबर, आईवडील बरोबर. इंद्रायणीत स्नान करून ही मंडळी देवळात आली तेव्हा तुकोबा आरती करत होते. यजमानांनी नमस्कार केला. बाईंनी पाहिले, स्वप्नात पाहिलेले तेच रूप.

देहूत राहायला जागा हवी होती, आणि तिथे गाठ पडली मंबाजी गोसाव्यांशी. हे तिथले ब्राह्मण, शिष्यवर्ग बाळगणारे. त्यांनी बाईंना आपला उपदेश घ्यायला सांगितले. आपले गुरू तुकोबा आहेत हे ऐकल्यावर त्यांचे बिनसले. शूद्राला गुरू करणाऱ्यांना वाळीत टाकावे, अशी भाषा झाली, पुण्याच्या आपाजी गोसाव्यांकडे तुकोबांविरुद्ध तक्रारीचे पत्र गेले. शेवटी त्यांनी बाईंची गाय कोंडून तिला बेदम मारले. ते वळ तुकोबांच्या पाठीवर उठलेले लोकांनी पाहिले.

गुरू ओळखावा कसा, या मुक्कामावरच्या प्रश्नाला बहिणाबाईंच्या हकिकतीत उत्तर शोधायचे तर मला ते इथे दिसते. एका बाजूला मंबाजी. शिष्य हवा म्हणून आपण होऊन उपदेश देऊ करतात आणि नाही म्हटल्यावर गाय मारतात. दुसऱ्या बाजूला तुकोबा. त्यांनी कोल्हापूरला निरोप पाठवला नव्हता की ये आणि माझी शिष्या हो. आल्यावर त्यांनी शिष्य मिळाल्याचा गाजावाजा केला नाही. मुक्या जनावराचा मार मात्र त्यांच्या अंगावर उठला. आणि जयरामस्वामी? त्यांनी वासराला आत घेतले, मुलीला आशीर्वाद दिला, आणि तिचे मन दुसऱ्या कोणाच्या पदात गुंतले तरी तिला आपल्याकडे ओढले नाही. कीर्तनकाराची ही थोरवी आपण पुरेशी सांगत नाही. त्यांनी गायले म्हणून तर तिला तुकोबा ऐकू आले. आज गावोगाव गुरू आहेत, मोबाईलवर आहेत, कोणी दीक्षेची तारीख कळवतो, कोणी शिष्यांची संख्या सांगतो. त्यांत कोण मंबाजी आणि कोण जयरामस्वामी हे ज्याचे त्याने पाहावे. निदान 'नाही' म्हणून पाहावे आणि समोरच्याचा चेहरा कसा होतो ते बघावे.

देहूतच बाईंना मुलगी झाली, काशी. पुढे मुलगा विठोबा. तुकोबांच्या कीर्तनात बसणे, वाणी ऐकणे, असे दिवस चालले होते. पण ते फार नव्हते. शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबाराय वैकुंठाला गेले, तेव्हा बहिणाबाई बावीस वर्षांच्याही नव्हत्या. त्यांनी देह ठेवला शके १६२२ च्या आश्विन शुद्ध प्रतिपदेला, इसवी सन १७०० मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. म्हणजे गुरूंच्या पश्चात त्या पन्नास वर्षांहून थोडे अधिक जगल्या. गुरू भेटण्याची कथा आपण सांगतो आणि थांबतो. त्यांना मात्र त्यानंतर अर्धे शतक काढायचे होते. संसार सांभाळायचा, मुले वाढवायची, शिऊरला परतून राहायचे, आणि ज्याच्यासाठी एवढे सोसले तो देहाने कुठेच नाही.

या वर्षांत त्यांनी काय केले? अभंग लिहिले. आपली गुरुपरंपरा त्यांनी आदिनाथांपासून मांडली. मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानेश्वर, तिथून पुढे राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी, तुकोबा. आणि त्या ओळीच्या शेवटी, कसलाही संकोच न करता, स्वतःचे नाव ठेवले. ज्या मुलीला कीर्तनाला गेल्याबद्दल बांधून घातले होते ती आदिनाथांच्या ओळीत बसली. 'वज्रसूची' या संस्कृत ग्रंथाचा आशय त्यांनी मराठी अभंगांत आणला. ब्राह्मण कोणाला म्हणावे, जन्माला, देहाला, विद्येला, की ब्रह्म जाणणाऱ्याला, याची चर्चा त्यात आहे. पंडितांना हा वादाचा विषय. बाईंच्या घरात तो रोजच्या जेवणाच्या पानावर होता. यजमानांनी तुकोबांची जात काढली होती, मंबाजींनी काढली होती. ती चर्चा मराठीत उतरवताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोण होते हे सांगायला नको.

देह ठेवायची वेळ जवळ आली तेव्हा मुलगा विठोबा गावाला गेला होता. सून रुक्मिणी वारली होती, तिच्या क्रियाकर्मासाठी. बाईंनी त्याला बोलावून घेतले आणि जवळ बसवून आपल्या मागच्या बारा जन्मांची हकिकत सांगितली, हा तेरावा आणि शेवटचा म्हणून. माय सांगत होती, मुलगा मध्ये मध्ये प्रश्न विचारत होता, आणि ती त्याला उपदेश करत होती. समाधी शिऊरलाच आहे. वेरुळहून वैजापूरकडे जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी केली तर दर्शन होते.